घरापासून गोठ्यापर्यंत वीज: हाताने चर खणण्याआधीचा हिशोब

स्वस्तातली, लांबलचक, बारीक चार्जिंग केबल लावली की फोन हळू चार्ज होतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. अडॅप्टर तोच, फोन तोच. केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध पाव ओहम असेल आणि २ अँपिअर करंट जात असेल, तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच संपतो. ५ व्होल्टमधला अर्धा म्हणजे १० टक्के. फोनचं यात फार काही बिघडत नाही. घरापासून गोठ्यापर्यंत, शेडपर्यंत किंवा मागच्या खोलीपर्यंत वीज न्यायची असेल, तर मात्र हाच हिशोब कुदळ हातात घेण्याआधी करावा लागतो.

आमच्या गावच्या घरापासून गोठा ४५ मीटरवर आहे. जुनी वायर कडुनिंबाला बांधून वरून नेलेली होती आणि कडब्याची ट्रॉली आली की एकाने काठीने ती उचलून धरायची, अशी पद्धत. या जूनमध्ये ती काढून केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं. जेसीबी तासाभरात चर मारून गेला असता, पण मध्ये पाण्याची पाइपलाइन आहे आणि ती नेमकी कुठून जाते याबद्दल काका आणि आजोबा यांची दोन वेगळी मतं आहेत. म्हणून हातानेच.

आता हिशोब. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ४५ मीटरसाठी तार धरायची ९० मीटर. १.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे आपल्या ९० मीटरला १.१ ओहम. गोठ्यात दिवे आणि पंखा एवढंच असेल तर ही तार चालून जाते. पण आमच्याकडे २ एचपीची कडबा कुट्टी आहे. ती चालताना १० अँपिअरच्या आसपास करंट घेते, तेव्हा ११ व्होल्ट वाटेत जातात. हेही एकवेळ चालेल. खरी गंमत मोटर सुरू होताना आहे. त्या क्षणी ती पाच-सहा पट करंट ओढते. ५० अँपिअर धरले तर ५४ व्होल्ट गायब! गावात संध्याकाळी घरातच १९० व्होल्ट येत असतील, तर कुट्टीला मिळणार १३६. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० व्होल्टला जो जोर मिळाला असता त्याच्या जेमतेम ३५ टक्के उरतो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही आणि वाइंडिंग जळतं. मग दोष मोटरला.

४ स्क्वेअर एमएमला तोच आकडा २१ व्होल्टवर येतो. हिशोब ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेसा. आम्ही तीन कोअरची, ४ स्क्वेअर एमएमची आर्मर्ड केबल घेतली. आर्मर्ड म्हणजे आत पोलादी पट्ट्यांचं कवच असलेली. उंदीर-घुशींचे दात आणि कुदळीचा ओझरता घाव ती सोसते. महाग आहे, पण चर पुन्हा कोण खणणार?

खोलीचं सांगायचं तर आयएस १२५५ हे भारतीय मानक कमी दाबाच्या केबलसाठी ७५० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट सांगतं. रुंदी एक फूट. ४५ मीटरला गुणून पाहा: दहा घनमीटर माती, वजन सोळा टनांच्या आसपास. आम्हा तिघांना चार दिवस लागले. काळ्या रानात वेळ महत्त्वाची. मेमध्ये ती दगडासारखी असते, भर पावसात फावड्याला चिकटते. पहिल्या पावसानंतर वापसा आला की तीच माती सरळ उचलते. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून केबल ताणून टाकायची नाही. थोडी नागमोडी सोडायची.

तळाशी तीन बोटं वाळू, तिच्यावर केबल, वर पुन्हा वाळू, मग आडव्या विटा. मातीचे थर धुमसाने ठोकत वर यायचं आणि जमिनीपासून फूटभर खाली पिवळी धोक्याची पट्टी टाकायची. विटा केबलला वाचवतातच, पण दहा वर्षांनी तिथे खणणाऱ्याला थांबवतातही. आमच्या धंद्यात याला कोडमधली कमेंट म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'एमसीबी आहे ना, मग शॉक कसा लागेल?' हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. समजा कुट्टीच्या बॉडीत करंट उतरला आणि तिचं अर्थिंग फक्त गोठ्याजवळच्या खड्ड्यात आहे. त्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी हे पाहून ढिम्म हलणार नाही. बॉडीवर जीवघेणं व्होल्टेज तसंच राहील. त्यात गोठ्याची जमीन कायम ओली. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीत पसरलेलं व्होल्टेजही तिला आपल्यापेक्षा जास्त लागतं.

इथे आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणार्धात लाइन तोडतो. तो चरातल्या केबलच्या घराकडच्या टोकाला बसवा, म्हणजे केबलही त्याच्या पहाऱ्यात येते. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. गोठ्यात अर्थिंग तरीही हवंच, आणि केबलचं कवच ग्लँडमधून अर्थिंगला जोडलेलं हवं. खणायचं काम आपलं. जोडणी आणि अर्थिंगची मोजणी परवानाधारक वायरमनकडून, मेन बंद करून.

फोनचा खरा उपयोग माती लोटण्याआधी. चरात टेप धरून दर पाच मीटरला फोटो काढा. नकाशावर पिन टाकून भागत नाही, कारण फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरनी चुकतं. त्याऐवजी घराचा कोपरा आणि हापसा अशा दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरं लिहून ठेवा. पाइपलाइनही सापडली की तिचीही नोंद करा. आमची आजोबा म्हणत होते तिथेच निघाली.

एक जास्तीचा पाइप मात्र टाकाच, केबलच्या फूटभर वर, आत नायलॉनची दोरी ओवून. पुढे त्यातून इंटरनेटची वायर ओढता येते. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, पण मी फायबर ओढणार आहे, कारण काचेतून वीज वाहत नाही आणि जवळ कुठे वीज पडली तर तिचा झटका त्या वाटेने घरातल्या राउटरपर्यंत येत नाही. गाय विण्याच्या दिवसांत काका रात्री दोन-दोनदा उठून गोठ्यात जातात. कॅमेरा दिवाळीआधी बसेल.