लेखणीवरचा संसार

जालना जिल्ह्यातील एखाद्या पदवीधर तरुणाने ‘नोकरी न करता लेखनावर पोट भरीन आणि कादंबरी लिहीन’ असे घरी सांगितले, तर त्याला पहिला सल्ला मिळतो तो बी. एड. करण्याचा. सल्ला देणारे त्याचे हितचिंतकच असतात आणि व्यवहार पाहता त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. परंतु हा सल्ला सर्वांनीच मानला तर मराठी कादंबरीचे काय होईल, याचा विचार सहसा होत नाही.

प्रथम हिशेब पाहावा. समजा, दोन वर्षे खपून एक कादंबरी लिहून झाली. किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या १० टक्के धरले, तर शेवटची प्रत खपल्यावर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. लेखनाच्या काळावर ते वाटले, तर महिन्याला १,२५० रुपये पडतात. आवृत्ती संपायला लागणारी वर्षे यात धरलेलीच नाहीत. मग वृत्तपत्रातील सदर, आकाशवाणीसाठी श्रुतिका, भाषांतर, मुद्रितशोधन, कोणाच्या तरी षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ अशी कामे घ्यावी लागतात. ही कामे हलकी नव्हेत. पण कादंबरीला जे सर्वांत अधिक लागते ते, म्हणजे सलग वेळ, तीच खाऊन टाकतात.

वाङ्मयाचा इतिहास याला साक्षी आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली आणि वऱ्हाडातील दारिद्र्याशी झुंजणारी कौतिक मराठी वाचकाला कायमची परिचित झाली. पुढे चरितार्थासाठी शेळके यांना लोकप्रिय कादंबऱ्यांचे विपुल लेखन करावे लागले. समीक्षकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. परंतु त्यांच्या चुलीची चौकशी किती जणांनी केली? अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या कथा रशियनसारख्या परभाषेतही गेल्या. तरी १९६९ साली मुंबईत त्यांचा मृत्यू झाला तो विपन्नावस्थेतच.

प्राध्यापकांनी आणि कारकुनांनी उत्तम कादंबऱ्या लिहिल्या आहेत, हे निर्विवाद. तथापि केवळ पगारदारांनाच लिहिणे परवडत असेल, तर समाजाचे चित्र एकाच खिडकीतून काढले जाईल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. आपल्या हातांनी वाढवलेली झाडे तोडून सरपणाला देणे म्हणजे काय, हे त्या घरातला मुलगा जसे सांगेल तसे दुसरा कोणी सांगू शकणार नाही. परंतु त्या घरात दरमहा पगार येत नाही.

वस्तुतः मार्ग जालन्याच्या शिवारातच दिसतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ची स्थापना केली आणि हे शहर बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाले. करारावर बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला कंपनी पायाभूत बियाणे देते आणि खरेदीचा भाव आधी ठरवते. त्या व्यवहारातही तक्रारी असतात. पण पेरणीपूर्वी काही एक हमी असते. कादंबरीकार मात्र बियाणे स्वतःचे आणतो, दोन हंगाम राबतो आणि पीक उभे राहिल्यावर भाव विचारतो!

हा व्यवहार सुधारणे अशक्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. नवोदित लेखकाने सही करण्यापूर्वी एवढे तरी जाणून घ्यावे. राज्याचे साहित्य संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देते, हे स्वागतार्हच आहे. पण ते अनुदान छपाईला आहे. लिहिण्याच्या काळातील भाकरीला नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न ग्रंथालयांचा आहे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय आधार मिळाला. मराठी कादंबरीचा फार मोठा वाचक ग्रंथालयातूनच ती वाचतो. एका प्रतीवर शंभर वाचक तृप्त होतात, परंतु लेखकाला मिळते ते एका प्रतीचेच मानधन. डेन्मार्कने १९४६ साली ग्रंथालयातील पुस्तकांबद्दल लेखकांना मोबदला देण्याची प्रथा सुरू केली. ब्रिटनने १९७९ साली तसा कायदा करून पुस्तक किती वेळा वाचकाकडे गेले यावर रक्कम ठरवली. आपल्याकडे ग्रंथालय अनुदानातील अल्पसा वाटा यासाठी वेगळा काढता येईल. त्याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण सहा महिन्यांची सलग सवड मिळाली, तरी एखादी कादंबरी पुरी होईल.

तोवर हितचिंतकांनी त्या तरुणाला बी. एड. करण्याचा सल्ला जरूर द्यावा. मात्र त्याचे पुस्तक निघाल्यावर भेटीची प्रत न मागता ते विकत घ्यावे. लेखणीवरचा संसार शेवटी वाचकाच्याच खिशावर चालतो.