हाडांतलं तेल

रात्रीच्या पावसाने जॉनी केक हिलवरचे दगड अजून ओले आहेत. नाव टेकडीचं, पण चढ अगदी हलका. खालच्या बंदरातून मासळीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास वर येतोय. हे मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड. 1857 साली या एका बंदराची 329 जहाजं देवमाशांच्या मागावर होती. घरातले दिवे, दीपगृहं, गिरण्यांची यंत्रं, सगळ्यांना तेल हवं होतं.

व्हेलिंग म्युझियमच्या दारातून आत येते आणि मान आपोआप वर जाते. डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. लांबी 66 फूट, आणि तरीही हे पूर्ण वाढ न झालेलं पोर! 1998 साली एका टँकरच्या धडकेने ते मेलं. म्हणजे शिकारीने नव्हेच.

"मावशी, ते भांडं बघ," भाची हळूच म्हणते.

हाडं साफ करून टांगली त्याला वीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्यातून तेल पाझरतंच आहे. ते काचेच्या भांड्यात धरलं जातं. दाट, तपकिरी. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहते. या तेलासाठी माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं घराबाहेर राहिली. आणि इथे ते कुणालाही नको असताना ठिबकतंय.

शेजारी एका राइट व्हेल मादीचा सांगाडा आहे. तीही 2004 साली जहाजाच्याच धडकेने गेली. पोटात पूर्ण दिवस भरत आलेलं पिल्लू होतं. त्याची इवली हाडंही इथे आहेत. अटलांटिकच्या उत्तर भागात ही जात आता चारशेच्याही आत आली आहे. 'देवमासा' हा शब्द मी लहानपणापासून सहज उच्चारत आले. आज तो तोंडातून निघत नाही.

पलीकडच्या दालनात 'लगोडा' उभं आहे. 1916 साली बांधलेली, मूळ जहाजाच्या निम्म्या मापाची ही प्रतिकृती. तिच्यावर चढता येतं. डेकवर विटांची भट्टी आहे, तीत लोखंडी कढया बसवलेल्या. चरबीचे तुकडे यात कढवायचे आणि तेल निघाल्यावर उरलेला चोथा सरपण म्हणून त्याच भट्टीत घालायचा. देवमासा स्वतःच्याच चरबीच्या आगीवर कढायचा. लाकडी जहाजावर, भर समुद्रात, रात्रंदिवस ही आग. मी कढईच्या काठावर हात ठेवते. लोखंड थंड आहे.

रस्ता ओलांडला की सीमेन्स बेथेल, 1832 सालचं खलाशांचं प्रार्थनाघर. जहाजाच्या नाळेसारखं व्यासपीठ 1961 सालचं आहे. 'मोबी डिक' या कादंबरीवरचा सिनेमा पाहून येणारे लोक ते शोधायचे, म्हणून ते नंतर बांधलं. मला ते बघायचं नाहीये. मी भिंतींकडे वळते. तिथे संगमरवरी पाट्या आहेत, समुद्रात गेलेल्यांच्या. यांतल्या बहुतेकांना मूठभर मातीही मिळालेली नाही. एक पाटी कप्तान स्वेनची. 1844 च्या मे महिन्यात त्याचा हार्पून देवमाशाला रुतला, आणि सुटणाऱ्या दोराबरोबर तोच पाण्यात ओढला गेला. वयाचं एकोणपन्नासावं वर्ष.

म्युझियममध्ये माझा राग या माणसांवर होता. इथे बाकावर बसल्यावर तो राग धरून ठेवता येत नाही, आणि सोडवतही नाही.

भाची भिंतीच्या कडेकडेने चालत नावं वाचतेय. जुन्या पाट्यांनंतर अलीकडच्या लागतात. त्या देवमाशांच्या शिकारीला गेलेल्यांच्या नाहीत, साध्या मच्छीमारांच्या आहेत. तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. खिडकीबाहेर कुठेतरी एका ट्रॉलरचं इंजिन सुरू होतं.

"अजून जातात," ती म्हणते, आणि पुढचं नाव वाचायला लागते.