एसीलाही पाणी लागते

एप्रिल-मेमध्ये जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ओल्या जाळीतून आलेला वारा सहज दहा-बारा अंशांनी उतरतो. दीड-दोनशे वॉटमध्ये एवढा गारवा मिळत असताना एसी कशाला, हा सवाल रास्तच आहे. पण त्यात फक्त विजेचा हिशेब आहे, पाण्याचा नाही. आणि 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर जगलेल्या जिल्ह्यात तो सोडून चालत नाही. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 0.67 युनिट उष्णता शोषते. एक टनी एसी तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. तेवढीच उष्णता कूलरने शोषायची तर तासाला पाच लिटर, आठ तासांत चाळीस लिटर पाणी उडते. प्रत्यक्षात जास्तच, कारण गार हवेचा बराच भाग खिडकीवाटे निघून जातो.

एसी म्हणजे हीट पंपच. तो उष्णता निर्माण करत नाही, इकडची तिकडे नेतो. म्हणून कडक उन्हातही एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता हलवतो. हेच चक्र उलटे फिरवून नॉर्वे-स्वीडनमध्ये घरे उबदार ठेवतात. जालन्याच्या चार थंड पहाटांसाठी त्याची गरज नाही. इथे आठ तासांच्या गारव्याला नऊ-साडेनऊ युनिट वीज लागते. ती बिनपाण्याची असते असे मात्र नाही. डिसेंबर 2015 च्या केंद्रीय नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या दराने नऊ युनिटांमागे तीस-बत्तीस लिटर पाणी जाते, फक्त ते आपल्या हौदातले नसते. 2013 च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे वीजकेंद्र बंद पडले, तेव्हा हे पाणीही मराठवाड्याचेच, हे दिसून आले.

मग फरक काय राहिला? वीज कुठून येते, एवढाच. आणि तोच निर्णायक आहे. छतावरचे तीन किलोवॉटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देते आणि त्याला पुसण्यापुरतेच पाणी लागते. ऊन आणि उकाडा एकाच वेळी वाढतात, ही या जोडीची सोय. खर्चाचा आक्षेप खराच आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळते, तरी उरलेली रक्कम आणि एसीची किंमत कूलरच्या कितीतरी पट होते. ज्याच्या नळाला पाणी आहे त्याने कूलर खुशाल चालवावा, निदान जूनपर्यंत. दमट हवेत तो नुसता पंखा उरतो. टँकर विकत घेणाऱ्याने मात्र चाळीस लिटर रोज उडवण्यापूर्वी त्याची किंमत मांडावी. आणि पत्र्याच्या घरात दोन्ही यंत्रांआधी छताला पांढरा रंग आणि खाली छत मारून घ्यावे. तापल्या पत्र्याखाली हीट पंप दिवसभर धापाच टाकतो.