बिब्बा का उततो?

टाचेला भेगा पडल्या की सुईला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि ठिबकणारे काळे तेल भेगेत भरायचे, हा घरगुती उपाय महाराष्ट्रातल्या खेड्यांत जुना. हाच बिब्बा लिंबू-मिरचीसोबत दुकानाच्या दारावर लटकतो आणि त्याच्या आतली बी, म्हणजे गोडंबी, बाळंतिणीच्या लाडवात पडते. इतका घरोबा असल्याने त्याची धास्ती फारशी कुणी बाळगत नाही.

गैरसमज : झाडाचेच औषध, त्याने काय होणार?

वस्तुस्थिती : बिब्ब्याच्या टरफलात भिलावनॉल नावाची दाहक द्रव्ये असतात. तेल लागले की कातडी लाल होते, खाजते, फोड येतात, लस वाहते; यालाच बिब्बा उतणे म्हणतात. बिब्बा हा आंबा-काजूच्या कुळातला. काजूच्या टरफलाचे तेलही असेच पोळते.

आयुर्वेदात ‘भल्लातक’ म्हणून त्याला मान आहे, पण शोधनानंतरच, म्हणजे शुद्ध केल्यावरच. बिब्बे विटेच्या भुकटीत घासून तेल काढून टाकण्याची रीत त्यातलीच. औषधविषयक नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, धोतरा आणि बचनागाबरोबर भल्लातकही आहे.

गैरसमज : मागे लावला होता, काहीच झाले नाही.

वस्तुस्थिती : अ‍ॅलर्जी अनेकदा पहिल्या खेपेला दिसत नाही. शरीर ते द्रव्य ओळखून ठेवते आणि पुढच्या वेळी उसळते. तेही लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी. त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीवर जातो. टाचेच्या जाड कातडीला जे निभावते, ते चेहऱ्यावरच्या वांगाला किंवा डागाला लावणे तर घातकच.

गैरसमज : तेल वाळले की धोका संपला.

वस्तुस्थिती : कपड्यांवर न निघणारी खूण करायला धोबी बिब्बा वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना अशा वाळलेल्या खुणांमुळेही त्वचादाह झाला. कपड्यावरची खूण जिथे अंगाला लागे, तिथेच पुरळ उठे. १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली.

गैरसमज : मग गोडंबीही विषारीच.

वस्तुस्थिती : दाहक तेल टरफलात असते, आतल्या बीत नव्हे. नीट सोललेली, तेल न लागलेली गोडंबी खाल्ली जाते. धोका असतो तो बिब्बे फोडणाऱ्यांच्या हातांना.

बिब्ब्याचे तेल लागलेच तर ती जागा ताबडतोब साबण-पाण्याने धुवावी आणि तेल लागलेले कपडे बदलावेत. फोड फोडू नयेत. चेहरा सुजला किंवा डोळ्यांजवळ उतले, तर थेट डॉक्टरांकडे जावे.