लॅपटॉपची बॅटरी न वापरताही का झिजते?

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचे लॅपटॉप कपाटात बंद होतात. जूनमध्ये बाहेर काढावेत तर एखादा चार्जच होत नाही, एखादा सुरू होतो पण तासाभरात मान टाकतो. वापरलेच नाहीत, तर बॅटरी झिजली कशी? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर बॅटरीच्या पोटात आहे.

लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन घट असतात. हे घट १९९१ साली बाजारात आले. त्यांच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घटात एका बाजूस ग्रॅफाइटचे अग्र असते, दुसऱ्या बाजूस लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचे. मध्ये लिथियमचा क्षार विरघळवलेला द्रव असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते द्रवातून ऑक्साइडकडे परततात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या मार्गाने, लॅपटॉप चालवीत, तिकडे पोहोचतात.

या व्यवहारात थोडी तूट येतेच. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर द्रवाचे हळूहळू विघटन होऊन पातळ थर साचतो व त्यात काही लिथियम कायमचे अडकते. जितके लिथियम अडकले, तितकी क्षमता घटली. ही क्रिया लॅपटॉप बंद असतानाही चालू राहते. उष्णतेने ती वाढते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वाढते. म्हणून पत्र्याच्या छपराखालचे कपाट आणि १०० टक्के भरलेली बॅटरी ही जोडी वाईट.

मग रिकामी ठेवावी का? तेही नको. रिकामी बॅटरी आपोआप आणखी उतरते. घटाचे विभवांतर ठराविक मर्यादेखाली गेले, की आतील संरक्षक मंडल सुरक्षिततेसाठी तिला चार्ज होऊ देत नाही. तेव्हा सुट्टीपूर्वी बॅटरी निम्मी भरावी, लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा. महिन्याभराने एकदा तपासावा. रोज वापरतानाही बॅटरी पूर्ण उतरवण्याची गरज नाही. ती समजूत जुन्या निकेल-कॅडमियम घटांपासून चालत आली आहे.

आता थोडे गणित. बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि लॅपटॉपला १० वॅट शक्ती लागते असे समजा. बॅटरी ५ तास पुरेल. पडद्याचा उजेड कमी करून व नको असलेले प्रोग्रॅम बंद करून खर्च ८ वॅटवर आणला, तर ५० ÷ ८ म्हणजे सव्वासहा तास मिळतील. वीज गेलेल्या संध्याकाळी प्रकल्प पुरा करायला हा जादा सव्वा तास मोलाचा!

हे स्वतः पडताळून पाहा. पडदा पूर्ण उजळ ठेवून तासाभरात बॅटरी किती टक्के उतरली ते नोंदवा. दुसऱ्या दिवशी तितक्याच टक्क्यांपासून, तेच काम करीत, पण पडदा मंद ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर प्रयोग नको. ती दाबू किंवा टोचू नका, चार्जिंगला लावू नका; शिक्षकांना लगेच सांगा.