वाकडा टाका उसवायचा कधी?

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर जे सामान चढते, त्यात पीठ-मिठाच्या डब्याइतकीच गरजेची वस्तू म्हणजे गोधडी. फडाजवळच्या कोपीत ऐन थंडीचे दिवस काढायचे असतात. खाली एक, वर एक, आणि लेकरू असेल तर त्याला दुपटे. पट्टा पडून माणसे गावी परतली, की उन्हाळ्यात बाया जुनी लुगडी काढून बसतात.

हे काम मुलींना शिकवताना मात्र घरोघर एक गोष्ट बिघडते. पोरीची पहिली ओळ वाकडी गेली की जाणती बाई ती उसवते. दुसरी गेली की सुईच काढून घेते. ‘‘सर, तुला नाही जमायचं!’’ उठलेली पोर पुन्हा बसत नाही. घरात चादर विकत येते, आणि आजीच्या हातातली विद्या आजीबरोबर जाते.

गोधडी म्हणजे काय, हे एकदा नीट पाहू. जुने सुती लुगडे किंवा धोतर स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून जमिनीवर अंथरायचे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर जुन्या कपड्यांचे थर, विरलेल्या जागी ठिगळ, आणि वरून धड लुगडे. लांब कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा. एक फेरी झाली की तिच्या आत दुसरी, अशा मध्यापर्यंत. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंततो. आत जाता जाता कापड सरकते आणि मध्ये फुगा येतो. मुरलेली बाई तो तळहाताने सारत सारत जिरवते. नव्या पोरीच्या गोधडीत फुगा राहणार, चुणी पडणार, टाका कुठे तांदळाएवढा तर कुठे बोटाच्या पेराएवढा येणार.

मी कारकून माणूस. खात्यात एका रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. गोधडीचा हिशेब वेगळा आहे. टाका खालच्या थरापर्यंत पोचलाच नाही, दोरा इतका ओढला की कापड आखडले, किंवा दोन ओळींत वीतभर अंतर राहिले, तर उसवावे. कारण धुतल्यावर आतल्या चिंध्या सरकून त्यांचा गोळा होतो. ओळ नुसती वाकडी आहे? राहू द्या. तिने ऊब कमी होत नाही. आणखी एक. हल्ली घरात नायलॉन, टेरिकॉटच जास्त. ते सुईखाली निसटते, घामही टिपत नाही. नवशिकीला ते देऊन वर तिलाच बोल लावणे हा अन्याय आहे.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्या बाया अशाच कडेकडून आत शिवत जातात. त्या गोधडीला कवंडी म्हणतात. ठिगळे आधी मापून कापत नाहीत, हाताला येईल तसे लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बाया म्हणजे कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या लेकी-नाती. नवऱ्याच्या फाटक्या विजारी, पिठाची पोती, जे मिळेल त्याच्या गोधड्या त्यांनी थंडीसाठी शिवल्या. रेघा तिरप्या, चौकोन वाकडे. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. बायांनी काही त्यासाठी शिवल्या नव्हत्या, हे विसरू नये.

आपल्याकडे ठिगळाची लाज वाटते, आणि तिला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांना गावाने उतरलेले कपडे दिले, मढ्यावरचे कापडसुद्धा हक्क म्हणून आपल्याच माथी मारले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची जुनी रीत सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले, ते ही खूण पुसण्यासाठीच. पण दुसऱ्याने फेकलेले पांघरणे वेगळे, आणि आपल्या आईच्या लुगड्याला आपल्या हाताने पुन्हा उभे करणे वेगळे. भिक्खूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवतात. मगधातील भाताच्या शेतांचे बांध दाखवून तथागतांनी आनंदाला तसे चीवर शिवता येईल का, असे विचारले, ही कथा विनयपिटकात आहे. ठिगळ तिथे कमीपणाचे नाही.

तेव्हा भगिनींनो, पोरीच्या हाती एकदम मोठी गोधडी देऊ नका. आधी दुपटे द्या. दोन मऊ सुती थर, मध्ये एखादे जुने धोतर. अंगाला टोचेल अशी गाठ वर राहू नये म्हणून ती थरांच्या आत लपवायला शिकवा. तेवढे एक कडकपणे पाहा. दुपटे लहान असते, कंटाळा येण्याआधी संपते. शेजारी कुणाचे बाळंतपण असेल तर तिथे पाठवा, आणि शिवणारीलाच ते घेऊन जाऊ द्या. उन्हाळ्यात हे झाले, तर टोळी निघण्याआधी एक मोठी गोधडी होण्याइतका वेळ हातात राहतो.