मोटारीची बॅटरी वारंवार का उतरते?

बडोद्याच्या दांडिया बाजारात, एखाद्या जुन्या वाड्यासमोर सकाळच्या प्रहरी उभी असलेली मोटार डोळ्यांसमोर आणावी. घरातील वृद्ध मातेस डॉक्टरांकडे न्यावयाचे असते. मुलगा चावी फिरवतो. सेल्फ एकदा कण्हतो, मग नुसतेच ‘टक् टक्’ ऐकू येते आणि पाठोपाठ सारे शांत होते. शेजारीपाजारी जमतात, दुसऱ्या गाडीची वीज उसनी घेतली जाते आणि वेळ निभावते. दुपारी नवी बॅटरी येते. पण दीडदोन महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा ओढवतो आणि सारा दोष नव्या बॅटरीच्या माथी मारला जातो. वस्तुतः बॅटरी उतरणे हा पुष्कळदा रोग नसून रोगाचे लक्षण असते. आणि तापमापक बदलल्याने ताप उतरत नाही.

शिशाच्या पत्र्यांची, पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि एंजिन सुरू करण्याचा भार बॅटरीवर पडला. तरीही पुढे कित्येक वर्षे गाडीबरोबर हँडल मिळत असे. अँबॅसिडरच्या मालकास बॅटरी उतरली तरी मनगटाचा आधार होता. आजच्या गाडीस हँडल नाही आणि स्वयंचलित गिअरची गाडी ढकलूनही सुरू होत नाही. म्हणून बॅटरीचे दुखणे वेळीच ओळखणे आज अधिक अगत्याचे झाले आहे.

बॅटरीचा व्यवहार हा जमाखर्चाचा व्यवहार आहे. एंजिन चालू असता पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर तीत वीज जमा करतो. सेल्फ, दिवे, भोंगा ही खर्चाची खाती होत. तिजोरी रिकामी सापडली, तर तीन प्रश्न क्रमाने विचारावयाचे: तिजोरी शाबूत आहे काय? जमा नीट होते काय? आणि गाडी उभी असता कोणी चोरून खर्च करीत नाही ना? बाजारात अल्प किमतीस मिळणारा मल्टिमीटर या तिन्हींची उत्तरे देऊ शकतो.

प्रारंभ टर्मिनलांपासून करावा. त्यांवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल किंवा पकड सैल असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. ती स्वच्छ करून घट्ट बसवावीत. नंतर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावावा. सहा घरांची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली ती जवळजवळ रिती समजावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, तर ती बहुधा निकामी होत आली आहे.

दुसरी परीक्षा जमेची. एंजिन चालू असता मीटरवर साधारणतः १३.८ ते १४.६ व्होल्ट दिसावयास हवेत. आकडा १३ च्या आत राहिला, तर पट्टा ढिला आहे किंवा आल्टरनेटर आजारी आहे. तो १५ च्या पुढे गेला, तर बॅटरीतील पाणी आटून ती अकाली मरते. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा बुद्धिपुरस्सर खालीवर करतो. तेथे एकाच आकड्यावरून निर्णय करू नये. आल्टरनेटर निर्दोष असूनही जमा अपुरी पडू शकते. रावपुऱ्यातून निघून दोनतीन किलोमीटरवर थांबणारी, दिवसातून चार वेळा सेल्फ मारावी लागणारी गाडी खर्च करते अधिक आणि मिळवते थोडे.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा. चावी काढल्यावरही घड्याळ, कुलूप, संगणक थोडी वीज घेतात. हा खर्च बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मी वीज संपावयास त्याला सुमारे एकोणीस दिवस लागतील. पण डिकीतील पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो दिवसाकाठी सुमारे दहा अँपिअर-तास खातो आणि सुमारे सव्वादोन दिवसांत निम्मी बॅटरी फस्त करतो!

हा चोर पकडण्याची रीत सोपी आहे. सर्व दारे लावून, चावी दूर ठेवून, संगणक झोपी जाण्यासाठी अर्धा तास जाऊ द्यावा. मग ऋण टर्मिनलाची तार सोडवून ती तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडावा. तार सोडवल्याने संगणक पुन्हा जागा होतो. म्हणून आणखी थोडे थांबूनच आकडा वाचावा. या स्थितीत सेल्फ मुळीच मारू नये, मीटर जळेल. आकडा मोठा असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येतो, त्याच्याच वाटेवर चोर असतो: मागाहून बसवलेला रेडिओ किंवा कॅमेरा, चिकटून बसलेला रिले, विसरलेला दिवा. कोणत्याही फ्यूजने आकडा हलला नाही, तर आल्टरनेटरमधील डायोडचा संशय घ्यावा आणि पुढील काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावे.

बडोद्यात आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली उन्हाची. थंड मुलखात बॅटरी हिवाळ्यात दगा देते. येथे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, बॉनेटखाली त्याहूनही अधिक, आणि त्या तापाने आतील पत्रे झपाट्याने झिजतात. घाव उन्हाळ्यात बसतो, मृत्यू कधी कधी दिवाळीनंतर दिसतो. दुसरी गोष्ट पुराची. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा अनेक मोटारी पाण्यात सापडल्या. अशा गाडीच्या तारांच्या जोडांत ओल आणि गंज राहिला, तर वीज महिनोन् महिने नकळत झिरपत राहते. तेथे नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

एक सावधगिरी मात्र सदैव पाळावी. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ काडी ओढू नये, ठिणगी पाडू नये. सोडवताना ऋण तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. आतील गंधकाम्लापासून डोळे जपावेत.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन निघाले आणि यंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवण्याचा उद्योग तेथे झाला. विद्या कारागिराच्या हाती जावी, हा त्यामागील हेतू होता. मोटारीच्या मालकाने नवी बॅटरी आणण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारले, तर त्या हेतूचा थोडा अंश त्याच्याही पदरी पडेल. पैसे वाचतील, आणि आईस डॉक्टरांकडे न्यावयाच्या सकाळी गाडी पहिल्याच चावीस सुरू होईल.